बांधणी-तपासणी, मुक्त-स्रोत प्रकल्पांतील

अनेकांनी मिळून लिहिलेल्या आज्ञावलीत नवा बदल सामील करण्यापूर्वी तिची संगणकाकडून बांधणी व चाचणी करून घेण्याची, तसेच ही अट सर्व लेखकांस सारखीच लावण्याची पद्धती. मूळ संहितेपासून प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली तयार करणे म्हणजे बांधणी होय.

अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली केली व त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्यात ‘टिंडरबॉक्स’ ही प्रणाली वापरीत. काही संगणक ताजी संहिता घेऊन अखंड बांधणी करीत. यशस्वी बांधणी फलकावर हिरव्या, तर फसलेली तांबड्या रंगात दिसे. तांबडा रंग दिसताच ‘शेरिफ’ म्हणून नेमलेली व्यक्ती नवे बदल थांबवून दोष हुडकू लागे. मात्र ही तपासणी बदल सामील झाल्यानंतरची असल्यामुळे एकाच्या चुकीने सर्वांचे काम खोळंबे.

हा क्रम उलटविण्याचे ठळक उदाहरण रस्ट या संगणकभाषेच्या प्रकल्पात आढळते. तिचा जनक ग्रेडन होर याने २०१३ मध्ये ‘बोर्स’ ही आज्ञावली लिहिली. मूळ कल्पना सिग्नसमधील जुन्या सहकाऱ्यांची असल्याचे त्याने नमूद केले आहे. परीक्षकाने बदल मान्य केल्यावर बोर्स तो मुख्य शाखेच्या ताज्या प्रतीत मिसळून चाचण्या घेई व सर्व उत्तीर्ण झाल्या तरच मुख्य शाखा पुढे सरके. बदलाची एकट्याची चाचणी पुरेशी नसते. एकाने फंक्शनचे नाव बदलावे आणि त्याच सुमारास दुसऱ्याने जुन्या नावाने ते नव्या ठिकाणी वापरावे, तर दोन्ही बदल स्वतंत्रपणे निर्दोष ठरतात. एकत्र आले की बांधणी मोडते. अर्थात या काटेकोरपणामुळे रांग लांबते. म्हणून रस्टमध्ये किरकोळ बदलांची मोट बांधून ते एकदम तपासले जातात.

बर्लिनमधील ट्रॅव्हिस सीआय या सेवेने २०११ पासून अशी तपासणी मुक्त-स्रोत प्रकल्पांस विनामूल्य दिली. गिटहबने २०१५ मध्ये ती सक्तीची करण्याची सोय केली, परंतु प्रशासकांना अटीतून वगळण्याची मुभाही ठेवली. अनेक प्रकल्पांत नवख्याला नियम व जुन्याला सवलत असा भेद राहिला तो यामुळेच. वस्तुतः घाईत चूक करणारा हात अनुभवी माणसाचाही असू शकतो. फुकटच्या संगणकांवर कूटचलन मिळविणारे ‘योगदानकर्ते’ वाढल्यामुळे एप्रिल २०२१ मध्ये गिटहबने नवा निर्बंध आणला : प्रथमच बदल पाठविणाऱ्याची तपासणी प्रकल्पातील जबाबदार व्यक्तीने संमती दिल्यावरच सुरू होऊ लागली.