प्रोटॉनचं प्रोटॉनपण कुठे असतं?

आमच्या सोलापूरवरून उद्यान एक्स्प्रेस बंगळूरला जाते. तिथून पुढे कोलार. 1980 च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक जपानी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या सोन्याच्या खाणीत, सुमारे 2.3 किलोमीटर खोल, प्रोटॉन कधी मरतो याची वाट बघत बसले होते. काही संशयास्पद खुणा त्यांना दिसल्याही. पण पुढे जगातल्या मोठ्या यंत्रांना तसं काही सापडलं नाही.

प्रोटॉन मरत नाही, कारण त्याच्याकडे ‘बॅरिऑन अंक’ आहे: प्रोटॉनचा 1, प्रतिप्रोटॉनचा उणे 1. टक्कर कितीही भयंकर असो, बेरीज बदलत नाही. पण हा अंक प्रोटॉनच्या आत नेमका कुणाकडे असतो?

बी.एस्सी.ला आम्ही घोकलं होतं: तीन क्वार्क, प्रत्येकाकडे 1/3. पेपरात मार्क मिळाले, विषय संपला. खरं तर हा 1/3 थेट कुणी मोजला नव्हता. 1977 मध्ये रॉसी आणि व्हेनेझियानो यांनी वेगळंच चित्र मांडलं. तीन क्वार्कांपासून ग्लुऑनचे तीन धागे निघतात आणि मध्ये एका गाठीत मिळतात. बॅरिऑन अंकाचा माग त्या गाठीवरून लागतो. मागाच्या गावात वाढलेल्या मला ही कल्पना लगेच पटली. पटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे वेगळं.

मग अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची केंद्रकं एकमेकांवर आदळली. मध्यभागी 100 प्रोटॉनमागे सुमारे 75 प्रतिप्रोटॉन मिळाले. सगळे कण नव्यानेच जन्मले असते, तर दोन्ही सारखे भरले असते. म्हणजे मूळ केंद्रकांतले काही बॅरिऑन मध्येच अडकले. पण क्वार्क तर भरधाव, आरपार निघून जायला हवेत! 1996 मध्ये खार्झीव यांनी सुचवलं की मागे राहते ती मंद ग्लुऑनांची गाठ.

हे तपासायला 2018 ची युक्ती मला फार आवडते. रुथेनियम आणि झिर्कोनियम, दोन्हींचे बॅरिऑन 96. प्रोटॉन मात्र 44 आणि 40. विद्युतभार क्वार्कांकडे असतो, याबद्दल वाद नाही. बॅरिऑन अंकही त्यांच्याकडेच असेल, तर मध्यभागी दोन्ही सारख्याच प्रमाणात थांबायला हवेत. एकट्या केंद्रकाचा भार मोजणं किचकट. दोघांमधला फरक घेतला की बऱ्याच चुका आपोआप कटतात. स्टार गटाचा निकाल 2024 मध्ये आला: भाराच्या मानाने बॅरिऑन जास्त थांबतात.

गाठीचं पारडं जड झालं, पण सिद्ध झालं असं म्हणायला मी तयार नाही. भार आणि बॅरिऑन वेगवेगळे थांबण्याची इतर कारणं अजून तपासायची आहेत. ब्रुकहेवनच्या त्याच बोगद्यात आता इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभा राहणार आहे; त्यात इलेक्ट्रॉन आदळून केंद्रकातला बॅरिऑन किती सरकतो ते बघता येईल. पुस्तकातला 1/3 तोवर आहे तिथेच आहे.