हवेतला निरोप आणि त्याची किल्ली

भिलाईत वायरलेस संच दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. पोलाद कारखान्याच्या गावात वॉकी-टॉकी म्हणजे रोजची भाकरी. शंटिंगवाले, क्रेनवाले, इंजिनचालक सगळे त्यावरच बोलतात. त्या संचांत एक सोय असते. काही कंपन्या तिला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात, आणि नवी मुलं मोठ्या भरवशाने ती लावतात. मी प्रत्येकाला दोन संच हातात द्यायचो. एकावर कोड लावून बोल, दुसऱ्यावर कोड काढून ऐक. बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. कारण तो कोड म्हणजे आवाजासोबत जाणारा, कानाला न जाणवणारा एक बारीक सूर. तो ओळखला तरच आपला स्पीकर उघडतो. इतरांची बडबड आपल्यापुरती बंद होते, आपलं बोलणं मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर बसलेल्या कुणालाही मिळतं.

आपल्याकडच्या बिनतारी संपर्काचा इतिहास पाहिला की मला हाच कोड आठवतो. गुप्ततेच्या नावाखाली आपण फार काळ भलत्याच गोष्टींचा बंदोबस्त करत आलो.

हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातली ‘बीम’ बिनतारी सेवा १९२७ साली सुरू झाली. संदेश पुण्याजवळच्या खडकीहून सुटत आणि तिकडून आलेले दौंडला उतरत. पलीकडची ठाणी होती ग्रिम्सबी आणि स्केगनेस. मार्कोनीच्या या पद्धतीत लघुलहरी चहूकडे न फेकता एका दिशेला सोडल्या जात. त्यामुळे चोरून ऐकणं अवघड झालं, अशक्य मात्र नाही. झोताच्या वाटेवर जो बसेल त्याला सारं मिळणारच. व्यापारी त्याआधीपासून समुद्री तारांसाठी ‘बेंटले’सारखी कोडची पुस्तकं वापरत. अख्खं वाक्य पाच अक्षरांत बसे आणि पैसे वाचत. पण तेच पुस्तक दुसऱ्यालाही विकत मिळे, तेव्हा आडपडदा तेवढ्यापुरताच.

सरकारने वेगळी वाट धरली. १९३३चा वायरलेस टेलिग्राफी कायदा १ जानेवारी १९३४पासून लागू झाला आणि परवान्याशिवाय संच जवळ बाळगणं गुन्हा ठरलं. स्वातंत्र्यानंतरही हे चालूच राहिलं. आमच्या घरच्या रेडिओचं पोस्टातून काढलेलं लायसन्सचं पुस्तक होतं. दरवर्षी वडील शुल्क भरून त्यावर शिक्का मारून आणत. संच कोणाकडे आहे याची सरकारदरबारी चोख नोंद होती. संदेश सुरक्षित आहे का, हा प्रश्न त्या पुस्तकात कुठेच नव्हता.

१९४२च्या लढ्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. आपला आवाज सर्वांनी ऐकावा, पण ठिकाण कुणाला कळू नये, अशी त्यांची गरज होती. हवेत लहर सोडली की ती आपला पत्ताही सांगते, म्हणून प्रक्षेपक एका जागेवरून दुसरीकडे हलवला जाई. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

नव्या शतकाच्या तोंडावर घराघरांत वाय-फाय येऊ लागलं. १९९७च्या मूळ मानकात ‘वेप’ नावाचं कुलूप होतं, त्याची किल्ली ४० बिटांची. कारण मोठ्या किल्ल्यांवर अमेरिकेचे निर्यात निर्बंध तेव्हा कडक होते. आपल्याकडेही इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यांत ४० बिटांपर्यंतच मोकळीक होती. त्याहून मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्या आणि उलगडण्याची किल्ली सरकारकडे जमा करा. ‘वेप’मध्ये प्रत्येक पाकिटासोबत २४ बिटांचा एक आकडा उघडा जाई. असे आकडे होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. वर्दळीच्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात, मग जुनेच पुन्हा येतात. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातलं आणखी मोठं भगदाड दाखवलं. नुसती पाकिटं गोळा करून किल्ली काढता येऊ लागली.

तरी अनेक घरांत तेवढंही कुलूप नव्हतं. २६ जुलै २००८ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून. राहणाऱ्या माणसाचा त्यात हात नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला. पुढच्याच वर्षी मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्कं शोधण्याची मोहीम हाती घेतली. पासवर्ड लावा, हे सांगणं योग्यच होतं. पण पुन्हा काळजी होती ती संच कोण वापरतं याची.

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. १८८५चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३चा वायरलेस कायदा मोडीत काढायला २०२३चा दूरसंचार कायदा आला, पण संदेश अडवून वाचण्याचा सरकारी अधिकार त्यातही शाबूत आहे. देशाच्या सुरक्षेसाठी असा अधिकार लागतो, हे मला मान्य आहे. पण तो वापरताना न्यायाधीशाची परवानगी हवी, असं माझं ठाम मत आहे. आज अधिकारीच हुकूम काढतात आणि अधिकारीच तो तपासतात. हवा सगळ्यांची आहे, ती कुणालाच बंद करता येत नाही. म्हणून दोघांमधला निरोप दोघांचाच राहायचा तर मजबूत किल्ली त्या दोघांकडे असली पाहिजे, आणि ती मागणाऱ्याला आधी न्यायालयात कारण सांगावं लागलं पाहिजे.