पेटकर, मुरलीकांत राजाराम

(१ नोव्हेंबर १९४४– ). भारतीय सैन्यातील हौशी मुष्टियोद्धे आणि पॅरालिंपिक स्पर्धांत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे जलतरणपटू. जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे. सैन्यात भरती झाल्यावर ते विद्युत् व यांत्रिक अभियंता दलात दाखल झाले.

त्या काळी भारतात मुष्टियुद्ध हा खेळ मुख्यतः सैन्यदलांच्या आश्रयाने वाढत होता. तीन मिनिटांची एक, अशा तीन फेऱ्यांत हौशी मुष्टियोद्ध्याच्या दमाची, खांद्यांतील बळाची व मनोधैर्याची कसोटी लागे. पेटकरांनी या खेळात प्रावीण्य मिळविले आणि १९६४ मध्ये टोकिओ येथील आंतरराष्ट्रीय सैनिकी क्रीडासंमेलनात भाग घेतला.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, ते गोळ्या लागून गंभीर जखमी झाले. वय अवघे वीस वर्षांचे. पाय निकामी झाल्याने मुष्टियुद्ध कायमचे संपले. तथापि उपचारांचा भाग म्हणून स्वीकारलेल्या पोहण्यात त्यांना दुसरे क्रीडाक्षेत्र गवसले. पायांची साथ नसता केवळ हातांनी पाणी कापताना दंड व खांदे यांचे बळच कामी येते.

युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लूटव्हिख गुटमान यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे सुरू केलेल्या स्पर्धांतून पॅरालिंपिक चळवळ उदयास आली. तेल आवीव्ह येथील १९६८ च्या स्पर्धांत पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडल्‌बर्ग येथे त्यांनी ५० मी. मुक्त शैलीचे अंतर ३७·३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षीच्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीतील कांस्यपदकावरच समाधान मानावे लागले होते. ऑलिंपिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक तर २००८ मध्ये आले.

तरीही या पराक्रमाची दखल दीर्घकाळ घेतली गेली नाही. पद्मश्री हा किताब त्यांना २०१८ मध्ये, म्हणजे विजयानंतर ४६ वर्षांनी मिळाला. त्यांच्या जीवनावर आधारित चंदू चॅम्पियन हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये त्यांना प्रदान करण्यात आला. अपंग खेळाडूंच्या कर्तृत्वाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी किती सावकाश बदलली, याचा प्रत्यय त्यांच्या चरित्रातून येतो.