एक खाते, दोन सत्रे

सप्टेंबर २०२४मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले, तेव्हा चर्चा झाली ती त्यांच्या वेगाची. संशोधकाचा अशा यंत्राशी पहिला संबंध येतो तो मात्र खात्यापुरता. अनेकांच्या सामायिक यंत्रात दुरून प्रवेश करावा आणि आपल्या फायली, आपली मांडणी जागच्या जागी सापडावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरवणे किती अवघड, हे फार पूर्वी कळून चुकले होते.

एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. संगणक एक, वापरकर्ते अनेक. पुढे प्रत्येकाच्या खासगी फायलींच्या राखणीला पासवर्ड आला. तेथील एडिटर काम करताना ठरावीक नावाची तात्पुरती फाइल तयार करी; म्हणून एका खात्यात एका वेळी एकानेच संपादन करावे, असा नियम होता. प्रणाली सांभाळणारे मात्र एकच खाते मिळून वापरत. त्यांच्या सोयीसाठी नियम शिथिल झाला. मग एके दिवशी एकजण दिवसाचा संदेश लिहीत असताना दुसरा पासवर्डची यादी दुरुस्त करत होता. तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले! ही फजिती कॉर्बातोंनी आपल्या ट्युरिंग व्याख्यानात स्वतःच सांगितली.

मायक्रोसॉफ्टने १९९८मध्ये एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली, तेव्हा हाच पेच नव्या रूपात उभा राहिला. फिरत्या प्रोफाइलची प्रत प्रवेशाच्या वेळी सर्व्हरवर येई आणि बाहेर पडताना मूळ जागी परत लिहिली जाई. दोन सर्व्हरांवर एकाच वेळी सत्रे उघडी असतील, तर शेवटी बाहेर पडणाऱ्याची प्रत टिके. पीएचडीच्या दिवसांत आलेख काढण्याच्या आज्ञावलीची आठवडाभर जुळवलेली मांडणी मी अशीच एका संध्याकाळी गमावली. दोष सर्व्हरला दिला, चूक माझी होती.

विंडोज सर्व्हर २०१२पासून प्रत्येकाच्या प्रोफाइलसाठी स्वतंत्र आभासी डिस्क ठेवता येऊ लागली. प्रवेश करताच ती जोडली जाते. प्रती इकडून तिकडे नेण्याची गरज उरत नाही. पण ती एका वेळी एकाच सर्व्हरला जोडता येते, म्हणजे सीटीएसएसने सोयीसाठी सोडलेला नियमच परत आला. दुसरे सत्र उघडल्यास तात्पुरते प्रोफाइल मिळते, आणि बाहेर पडताच त्यातले सारे पुसले जाते.