जीवाश्म : ग्रीक संज्ञा व तिचे अर्थ

पुरातन जीवांच्या खडकांत टिकून राहिलेल्या अवशेषांना आधुनिक ग्रीक भाषेत ‘आपोलिथोमा’ म्हणतात. ‘लिथोस’ म्हणजे दगड. त्यापासून ‘दगड बनविणे’ या अर्थाचे क्रियापद झाले व त्यावरून ‘दगड बनलेली वस्तू’ या अर्थाची ही संज्ञा साधली आहे. प्राचीन ग्रीकमध्ये मात्र केवळ जीवाश्मांसाठी स्वतंत्र संज्ञा रूढ नव्हती. जमिनीतून खणून काढलेल्या कोणत्याही पदार्थास ‘ओरिक्टोस’ (खणलेला) हे विशेषण लावीत. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) न वितळणारे दगड, गेरू, गंधक इत्यादींना या वर्गात घालून धातूंचा वर्ग वेगळा केला. त्याचा शिष्य थीओफ्रॅस्टस याने दगडांवरील ग्रंथात ‘खणलेले हस्तिदंत’ आणि अश्मीभूत ‘भारतीय वेळू’ यांचा निर्देश केला आहे.

संज्ञा नसली, तरी निरीक्षणे होती. इ. स. पू. सहाव्या शतकातील झेनॉफनीझने डोंगरांवरील शिंपले व सिरॅक्यूसच्या खाणींतील माशांचे ठसे यांवरून भूमी पूर्वी समुद्राखाली होती, असे अनुमान काढले. हीरॉडोटसने ईजिप्तमधील टेकड्यांवरील शिंपल्यांची नोंद केली.

‘खणणे’ या अर्थाच्या धातूपासून बनलेल्या ‘फॉसिलिस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘खणलेला’ असाच होता. जॉर्जिअस ॲग्रिकोलाच्या १५४६ मधील ग्रंथात त्यात क्षार, रत्ने व धातूही येतात. त्यामुळे या आकृती जीवांच्या की दगडांच्याच, हा प्रश्न नावावरून सुटत नव्हता. ‘ग्लोसोपेट्रा’ (जिव्हाशिला) या ग्रीक नावाने ओळखले जाणारे दगड शार्कच्या दातांशी जुळतात, असे नील्स स्टेनोने १६६७ मध्ये दाखविले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘फॉसिल’चा अर्थ जीवावशेषांपुरता मर्यादित झाला.

ग्रीकमध्ये याउलट घडले. तेथे ‘ओरिक्टो’ म्हणजे खनिज असा अर्थ स्थिरावला व जीवावशेषांसाठी ‘आपोलिथोमा’ ही संज्ञा रूढ झाली. दगडी कोळसा, खनिज तेल इ. इंधनांना मात्र ग्रीकमध्ये आजही ‘ओरिक्टा’ (खणलेली) हेच विशेषण लावतात. मराठीतील ‘खनिज’ हा शब्दही ‘खन्’ (खणणे) या धातूवरूनच आला आहे. ‘आपोलिथोमा’ या संज्ञेत केवळ दगड होण्याची प्रक्रिया सूचित होते, तर ‘जीवाश्म’ या सामासिक शब्दात जीवाचाही निर्देश आहे. तथापि राळेत अडकलेले कीटक वा गोठलेल्या भूमीतील मॅमथ हे दगड न बनताही जीवाश्मांत मोडतात. म्हणून शब्दशः अर्थाने दोन्ही संज्ञा अपुऱ्याच ठरतात.