जप्त वाहनांचा अंतरिम ताबा

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात जप्त केलेले वाहन खटल्याचा निकाल लागेपर्यंत अटींवर मालकाच्या हवाली करण्याची न्यायालयीन व्यवस्था. जप्ती व सरकारजमा करणे या भिन्न गोष्टी होत : जप्तीने केवळ ताबा जातो, तर सरकारजमेने मालकीच नष्ट होते.

ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या अफू अधिनियमानेच अफू वाहून नेणारी जनावरे व वाहने सरकारजमा होण्यास पात्र ठरविली होती. त्याची जागा १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६० नुसार आपल्या, आपल्या अभिकर्त्याच्या व वाहन ताब्यात असणाऱ्याच्या नकळत त्याचा वापर झाला आणि प्रत्येकाने वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकास सिद्ध करावे लागते. कलम ६३ प्रमाणे आरोपी निर्दोष सुटला, तरी वाहनाचा निर्णय न्यायालय स्वतंत्रपणे देते. तत्पूर्वी हक्क सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकणे आवश्यक असते.

मधल्या काळाबाबत मात्र अधिनियमात स्पष्ट तरतूद नव्हती. कलम ५१ अन्वये फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ४५१ व ४५७ लागू होतात, असा एक पक्ष होता. विशेष कायद्यामुळे ती वगळली जातात, असा दुसरा. अन्य प्रकारच्या गुन्ह्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात (२००२) वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, असे सांगितले होते.

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून असल्याने मराठवाड्यातील मालमोटारमालकास खालच्या न्यायालयाच्या नकाराविरुद्ध मुंबई गाठावी लागत नाही. कर्जाचे हप्ते चालू असता वाहन उन्हापावसात गंजत राहिले, तर अंती निर्दोष ठरलेल्या मालकाच्या हाती भंगारच येते. उलट सरसकट सुटकेने तेच वाहन पुन्हा तस्करीस लागण्याचा धोका असतो.

बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य खटल्यात (२०२५) सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम सुटकेस कायद्याची आडकाठी नाही, असा निर्णय दिला. मालक वा त्याचा चालक यांच्याकडेच माल सापडल्यास वाहन सामान्यतः सोडू नये. ते चोरीस गेलेले असल्यास किंवा माल त्रयस्थ प्रवाशाकडे सापडून मालकावर आरोप नसल्यास सामान्यतः सोडावे, असा भेद न्यायालयाने केला. छायाचित्रण करणे, वाहन न विकणे व न्यायालयाच्या आदेशानंतर ते अथवा त्याची किंमत परत करणे, या अटी त्यात होत्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ व ५०३ जुन्या कलमांच्या जागी आली आहेत.