भाराची जागा : केळशीच्या किनाऱ्यावरील गलबते आणि समतोलाचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोली तालुक्यात, भारजा नदी समुद्राला मिळते तेथे केळशी हे गाव वसले आहे. उत्तरेस सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट आणि दक्षिणेस आंजर्ले, हर्णै व सुवर्णदुर्ग असा नाविक शेजार त्यास लाभल्यामुळे गावाचा इतिहास जमिनीइतकाच पाण्याशीही बांधला गेला. गावाजवळच्या वाळूच्या उंच टेकडीत जुन्या वस्तीची खापरे आणि नाणी सापडली व डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. समुद्र आणि वारा मिळून या किनाऱ्यावर किती वाळू हलवू शकतात, याची कल्पना त्या टेकडीवरून येते. तीच वाळू खाड्यांच्या मुखाशी साचून पाण्याखाली आडवी पसरते, आणि मग भरतीखेरीज आत-बाहेर करणे जड नौकेला अशक्य होते. या किनाऱ्यावर नौका बांधणाऱ्याला म्हणूनच एक अट बाहेरूनच घातलेली असे, ती म्हणजे नौका पाण्यात फार खोल बसता कामा नये. मराठी आरमारावरील लेखनात तोफा, किल्ले आणि लढाया यांना जेवढी जागा मिळाली तेवढी या अटीला मिळालेली नाही; वास्तविक गुराब या लढाऊ नौकांची आणि त्यांहून लहान गलबतांची घडण पुष्कळशी तिच्यातूनच उलगडते.

अटीचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी नौकेच्या समतोलाचे तत्त्व थोडक्यात पाहिले पाहिजे. नौकेचे सारे वजन ज्या एका बिंदूतून खाली ओढले जाते असे मानता येते तो तिचा गुरुत्वमध्य होय, आणि बुडालेल्या भागाने बाजूला सारलेले पाणी तिला ज्या बिंदूतून वर उचलते तो उत्प्लावनाचा मध्य होय. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, त्यामुळे उत्प्लावनाचा मध्य कललेल्या बाजूकडे सरकतो आणि नौकेला पुन्हा सरळ करणारा जोर उत्पन्न होतो. मात्र गुरुत्वमध्य फार उंच गेला असेल तर हाच जोर उलटा पडून नौका पालथी करतो. यावरचा सर्वात सरळ उपाय म्हणजे नौकेच्या तळाशी दगड किंवा वाळू भरून गुरुत्वमध्य खाली आणणे. अशा भरीला दर्यावर्दी मंडळी नीरम म्हणतात. परंतु नीरम घातला की नौका अधिक खोल बसते, आणि उथळ खाडीत नेमके तेच परवडत नाही. खोल तळ आणि भरपूर नीरम यांवर विसंबणारी युरोपीय जहाजे भर समुद्रात निर्धास्त असत, पण खाडीच्या तोंडाशी येताच त्यांना थांबावे लागे. कोकणी नौकेला मात्र याच दोन जागांच्या मध्ये वावरायचे होते.

त्यावर कोकणी बांधणीने शोधलेले उत्तर इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बारकाईने नोंदवले आहे. त्याच्या वर्णनानुसार गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत व अशा गुराबेची वाहकता दीडशे टनांहून अधिक नसे, तर तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांपर्यंत जाई. तिची बांधणी पाण्यात अगदी कमी बुडेल अशी असे आणि लांबीच्या मानाने तिची रुंदी पुष्कळ असे. या रुंदीचे मर्म गणिताने सांगता येते. लांबी आणि बुडालेले घनफळ तेच ठेवून पाण्याच्या पातळीवरील रुंदी दुप्पट केली, तर नौकेला सरळ करणाऱ्या गुणाचा रुंदीवर अवलंबून असलेला भाग दुप्पट किंवा चौपट न होता आठपट होतो. म्हणजे तळाशी दगड न वाढवता केवळ रुंदी वाढवून स्थैर्य विकत घेता येते, आणि त्याची किंमत खोलीत मोजावी न लागता वेगात मोजावी लागते. पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने नौकेच्या स्थैर्याचा हा हिशेब १७४६ साली ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा कोकणाच्या खाड्यांतून रुंद बांध्याच्या गुराबा कितीतरी आधीपासून फिरत होत्या. सुताराच्या हाताला ते प्रमाण ठाऊक होते. त्याला सूत्राची गरज पडली नाही, इतकेच.

तोफांच्या मांडणीत तर भाराचा विचार अधिकच स्पष्ट दिसतो. गुराबेला युरोपीय जहाजासारखा भरीव पुढचा भाग नसे. मध्यापासून निमुळती होत गेलेली नौका पुढे लांब चोचीसारख्या भागात संपे आणि नऊ ते बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या दोन तोफा त्या भागावरून समोर मारा करतील अशा बसवलेल्या असत, तर बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी, म्हणजे त्यांहून हलक्या असत. सर्वात जड तोफा लांबीच्या दिशेने रोखल्यामुळे त्यांचा मागे येणारा धक्का नौकेच्या लांबीने पेलला जाई आणि ती आडवी कलत नसे. उलट बाजू अशी की एवढे वजन पुढच्या टोकाशी, जेथे पाण्याचा आधार सर्वात कमी तेथे, ठेवल्याने समोरून लाट आली की गुराब फार गोते खाई, असे ऑर्मनेही लिहिले आहे. त्यावर केलेली तोड चातुर्याची होती. पुढच्या टोकाच्या त्या फळ्यांना कठडाच ठेवत नसत, जेणेकरून वर आदळलेले पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जाई. तुंबलेले पाणी हे नौकेवरील सर्वात घातक वजन होय, कारण ते नौका कलेल त्याच बाजूस धावते. ते वर टिकूच न देणे हा ते उपसण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग होता.

गलबत ही गुराबेचीच लहान आवृत्ती. तिची वाहकता सत्तर टनांच्या वर क्वचितच जाई, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ती ताशी सुमारे चार मैल जाऊ शके. काही गलबतांवर पक्क्या फळ्यांचे तख्त आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत, तर काहींचे तख्त वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंचे केलेले असे आणि त्यांवर केवळ खिळीवर फिरणाऱ्या लहान तोफा ठेवत. बांबू स्वस्त म्हणून वापरला गेला असे समजणे उथळपणाचे ठरेल. वल्हेकऱ्यांची रांग पाण्यापासून बऱ्याच उंचीवर बसते, तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे छत जितके हलके तितका गुरुत्वमध्य खाली राहतो. येथे वजन नुसते घटवलेले नाही, तर जेथे ते सर्वाधिक अपायकारक तेथूनच काढलेले आहे.

या बांधणीची कसोटी १७५५ साली केळशीच्या शेजारीच लागली. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी संधान बांधून कोकणातील आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा कमोडोर विल्यम जेम्स याच्या जहाजांबरोबर मराठ्यांच्या सात गुराबा आणि साठ गलबते चौलहून सुवर्णदुर्गाकडे निघाली. बाणकोट आणि केळशी ही त्याच वाटेवरची ठिकाणे. आंग्र्यांच्या नौका सुवर्णदुर्गाच्या बंदरातून दक्षिणेकडे निसटल्या आणि जेम्सचे ‘प्रोटेक्टर’ हे चव्वेचाळीस तोफांचे जहाज त्यांच्या मागे लागले. तेव्हा त्यांच्यावरील माणसांनी अडगळीचे सामान समुद्रात फेकून नौका हलक्या केल्या आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक पकडण्यासाठी शिडांच्या जोडीला अंगावरचे कपडे आणि पागोटीदेखील टांगली, असे ऑर्म सांगतो. इंग्रज लेखकाने हे कौतुकाने लिहिले की थट्टेने, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी नौका पळत्या लढाईत किती झटकन हलकी करता येते हे त्यातून दिसते. पाठलाग सोडून परतलेल्या जेम्सने २ एप्रिलला सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षीच्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे गेले, आणि या भागातील लढाऊ नौकांची बांधणी मागे पडून व्यापारी नौकांचे दिवस आले.

व्यापारी नौकेत भार हाच माल असतो, त्यामुळे प्रश्न तोच राहिला तरी त्याचे रूप पालटले. जॉन एडाय या इंग्रज लेखकाने १८३४ साली वर्णिलेली फत्तेमारी ही मालवाहू नौका सुमारे शहात्तर फूट लांब आणि एकवीस फूट रुंद होती. हे प्रमाणही रुंदीला झुकते माप देणारेच आहे. तिच्या डोलकाठ्या पुढच्या बाजूस कललेल्या असत, कारण तिरक्या शिडाचे लांब परभाण, म्हणजे ज्या आडव्या काठीला शीड बांधतात ती, डोलकाठीला न घासता मोकळे लटकावे लागते. माल भरताना मीठ, धान्य यांसारखी जड वस्तू तळाशी आणि नारळ किंवा गवत यांसारखी हलकी वस्तू वर, असा क्रम पाळला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगलोरी कौले समुद्रमार्गे कोकणात येऊ लागली, तेव्हा कौलांचा थर नीरमाचेही काम करू लागला आणि वाटेत दगड वाहण्याचा खर्च वाचला. लहान होडीला मात्र अशी सोय नसते. दक्षिण कोकणातील मच्छीमारांनी तिच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्यांनी जोडलेला लाकडी ओंडका, म्हणजे उलांडी, लावून प्रश्न सोडवला. उलांडी पाण्यात दबली तर तरंगण्याच्या गुणाने होडीला सावरते आणि पाण्याबाहेर उचलली गेली तर स्वतःच्या वजनाने खाली ओढते. एकच ओंडका दोन्ही बाजूंनी कामास येतो, आणि तो नौकेपासून जितका दूर तितका त्याचा परिणाम मोठा. थोड्या वजनाकडून एवढे काम करून घेणारी दुसरी युक्ती या किनाऱ्यावर दाखवता येणार नाही.

स्वतःहून हलणाऱ्या वजनाचे भय आगबोटींच्या काळात सर्वांत भयंकर रीतीने दिसले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट भर पावसाळ्यात मोठ्या लाटेने कलली, प्रवासी एका बाजूला लोटले गेले आणि बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीचे एकूण वजन तेच होते. केवळ त्याची जागा बदलली होती.

भाराच्या जागेचा हाच प्रश्न अर्ध्या शतकानंतर महाराष्ट्रात एका निराळ्या ठिकाणी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारणसंस्थांच्या संघाने २००२ साली टोकियोत रोबोकॉन ही यंत्रमानवांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, आणि दूरदर्शन त्या संघाचे सदस्य असल्याने तिची भारतीय फेरी पुढे अनेक वर्षे पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत राहिली. २००८ आणि २०१४ या दोन वर्षी आंतरराष्ट्रीय सामनाही पुण्यातच झाला. पहिला चीनच्या शिआन जियाओतोंग विद्यापीठाने आणि दुसरा व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने जिंकला. या स्पर्धेत यंत्रांच्या एकत्रित वजनाला नियमाने मर्यादा असते, ती अनेक वर्षी पन्नास किलोंची होती. खाडीच्या मुखावरील वाळूने जे काम केले तेच येथे नियमावलीने केले, म्हणजे वजन वाढवण्याचा सोपा मार्ग बंद करून विचार वजनाच्या जागेकडे वळवला.

जमिनीवरील यंत्राच्या बाबतीत नियम असा की गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेली रेषा चाकांनी वेढलेल्या क्षेत्राच्या आत पडली पाहिजे. यंत्राने हात पुढे काढून वस्तू उचलली की ही रेषा पुढे सरकते, म्हणून बॅटरीसारखा अटळ भार तळाशी आणि मागे ठेवून हाताला तोलतात. वेगळे लोखंड बांधणे म्हणजे नीरमासाठी दगड वाहण्यासारखाच मर्यादेचा अपव्यय होय. यंत्र थांबताना प्रश्न अधिक कठीण होतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून चाळीस सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकांपासून वीस सेंटिमीटर मागे असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतक्या मंदनाने ब्रेक लागताच मागची चाके उचलली जातात. शिवाय मोटरने फिरणाऱ्या चाकांवर पुरेसा भार नसेल तर ती जागीच घसरतात, आणि मोटर कितीही ताकदीची असली तरी तिचा उपयोग होत नाही. भार खाली ठेवणे एवढ्यावर भागत नाही; तो योग्य चाकांवर पडावा लागतो.

पुण्यातील दोन्ही स्पर्धांचे विषय या दृष्टीने लक्षणीय आहेत. २००८ चा विषय गोकुळाष्टमीच्या दहीहंडीवर बेतलेला होता, आणि उंचावरच्या मडक्यातील लोणी काढण्यासाठी यंत्राला वर पोहोचणे भाग असल्याने गुरुत्वमध्य उंच नेणे खेळातच गोवलेले होते. २०१४ चा विषय पालकत्वाचा होता. पालक यंत्राने बालक यंत्राला उचलून नेऊन सीसॉवर बसवायचे, झोका द्यायचा, आणि बालकाने खांबांवरून चालून शेवटी शिडीसारख्या चौकटीवर चढायचे, अशी कामे होती. येथे पालकाला दुसऱ्याचे वजन अंगावर घेऊन चालावे लागे आणि उतरवल्यावर लगेच रिकाम्या अंगाने तोल सांभाळावा लागे. फत्तेमारीचा माल उतरवून झाल्यावर तिला परतीसाठी नीरम घ्यावा लागे, त्याच जातीची ही अडचण आहे. २०२२ साली नवी दिल्लीतील स्पर्धेसाठी लगोरी हा खेळ निवडला गेला, तेव्हा चेंडू फेकणाऱ्या यंत्राला प्रत्येक फेकीचा उलटा धक्का सोसावा लागला. तो सोसण्याची सोय जुन्या गुराबेसारखीच असते, म्हणजे फेकीची दिशा यंत्राच्या लांब बाजूला समांतर ठेवायची आणि फेकणारा हात शक्य तितका तळाजवळ बसवायचा.